२७–१०३ आणि पुढचा सामना

आपल्या क्रीडापानांकडे मोठ्या पराभवासाठी शब्दांचा तुटवडा नाही. धुव्वा, दाणादाण, लोटांगण, नामुष्की, सपशेल शरणागती. आणि या सगळ्यांच्या वर पानिपत. मराठीत कुणाचंही पानिपत होऊ शकतं: निवडणुकीतल्या पक्षाचं, गल्ली क्रिकेटमधल्या टीमचं, सेमिस्टरला चार विषय राहिलेल्या मित्राचं. या शब्दांत एक साम्य आहे. ते वाचून मैदानात काय झालं ते कळत नाही. कुणी किती लाजायचं, एवढंच कळतं.

२४ सप्टेंबर २०१९, मंगळवार. बंगळुरूचं श्री कंठीरवा इनडोअर स्टेडियम. महिलांच्या फिबा आशिया कपमध्ये यजमान भारताचा पहिलाच सामना, समोर जपान. निकाल: जपान १०३, भारत २७. वरचे सगळे शब्द या निकालाला लागू पडतात आणि एकही पुरा पडत नाही. म्हणून ते बाजूला ठेवून हा स्कोअर एखादी कविता किंवा सिनेमा वाचावा तसा वाचून बघायचा आहे. तो काय सांगतो, काय लपवतो आणि तो वाचताना आपण कुठे घाई करतो?

आधी साधा हिशोब. फिबाच्या नियमांनी सामना ४० मिनिटांचा, म्हणजे २,४०० सेकंदांचा. जपानने साधारण दर २३ सेकंदांना एक गुण केला. आपण दर ८९ सेकंदांना एक. बास्केटबॉलमध्ये चेंडू हातात आला की २४ सेकंदांत शॉट घ्यावा लागतो. हे घड्याळ डोळ्यांसमोर ठेवलं की ८९ हा आकडा बोलायला लागतो. 'नेम चुकला' या एका कारणाने कुठलाही राष्ट्रीय संघ इतका कोरडा राहत नाही. शॉट चुकायला आधी शॉट घ्यावा लागतो. इतके कमी गुण होतात तेव्हा बहुतेक वेळा चेंडू बास्केटपर्यंत पोचलेलाच नसतो.

तो पोचत का नाही, हे समजायला 'प्रेस' म्हणजे काय ते बघावं लागेल. साधारणपणे एका संघाने गुण केला की तो मागे पळत जाऊन आपलं बास्केट राखतो आणि समोरच्याला चेंडू निवांत मध्यरेषेपलीकडे आणू देतो. प्रेस करणारा संघ मागे जातच नाही. गुण झाल्या क्षणी तो तुमच्याच अर्ध्या भागात तुम्हाला गाठतो. चेंडू आत टाकायला तुमच्याकडे पाच सेकंद आणि मध्यरेषा ओलांडायला आठ. कोपऱ्यात दोघी अंगावर येतात, तिसरी तुमचा पास कुठे जाणार याचा अंदाज घेऊन उभी असते. पास अडला की बास्केट तिथून चार पावलांवर. पुन्हा दोन गुण. आणि पुन्हा चेंडू तुम्हालाच त्याच बेसलाइनवरून आत टाकायचा.

यातला डाव बघा. प्रेस लावायला सगळ्यांत सोयीची वेळ म्हणजे आपण गुण केल्यानंतरची, कारण समोरचा चेंडू उचलून रेषेबाहेर जाईपर्यंत आपल्या पाचही जणी जागेवर उभ्या असतात. म्हणजे जो गुण करतो त्यालाच पुढचा गुण सोपा होतो. आमच्या इंजिनिअरिंगच्या भाषेत हा पॉझिटिव्ह फीडबॅक लूप. नावात पॉझिटिव्ह असलं तरी तो बहुतेकदा घात करतो. कॉलेजच्या गॅदरिंगला कुणी माइक घेऊन स्पीकरसमोर गेलं की जी किंचाळी उठते, ती याच लूपची. आवाज माइकमध्ये, माइकमधून स्पीकरमध्ये, तिथून मोठा होऊन पुन्हा माइकमध्ये. त्या किंचाळीवरून गायकाचा गळा कसा आहे ते सांगता येत नाही. गळ्यात आणि किंचाळीत संबंध असतो, पण तो सरळ रेषेत नसतो.

टॉम हॉव्हासे या अमेरिकन प्रशिक्षकाच्या हाताखालचा तेव्हाचा जपानचा संघ हा लूप चालवण्यात आशियात सगळ्यांत पटाईत होता. उंचीने बेताचा, पायांनी वेगवान, बचावात न थकणारा आणि तीन गुणांच्या रेषेबाहेरून बेधडक मारणारा. त्याच स्पर्धेत त्यांनी चीनला ७१–६८ हरवून सलग चौथा आशिया कप उचलला. दोन वर्षांनी टोकियो ऑलिम्पिकमध्ये ते अंतिम फेरीत गेले, अमेरिकेकडून ७५–९० हरले आणि रौप्यपदक घेऊन आले. आपल्याला हरवणारा संघ जगात दुसरा येण्याच्या वाटेवर होता.

म्हणून माझा पहिला निष्कर्ष असा की ७६ गुणांचा फरक म्हणजे 'आपल्या मुली ७६ गुणांनी वाईट' असं नाही. दोन संघांतलं अंतर एका मर्यादेपलीकडे गेलं की स्कोअरबोर्ड ते अंतर मोजणं सोडतो आणि नुसता किंचाळायला लागतो. याचा पुरावा त्याच स्पर्धेत आहे. तीनच दिवसांनी, त्याच सभागृहात, सातव्या-आठव्या क्रमांकासाठी भारत फिलिपिन्सशी खेळला आणि ७८–९२ हरला. हार ती हारच. पण ज्या संघाने ४० मिनिटांत २७ गुण केले होते, त्याच संघाने ४० मिनिटांत ७८ केले. तीन दिवसांत कुणाची उंची वाढत नाही, कुणाचा नेम तिप्पट होत नाही. समोरचा लूप तेवढा बदलला.

जपानच्या सामन्याला मी गॅलरीत होतो. पहिल्या नोकरीचं पहिलं वर्ष होतं, मॅनेजरला डेंटिस्टचं कारण सांगून लवकर निघालो होतो. माझ्या पुढच्या रांगेत शाळेची बास्केटबॉल जर्सी घातलेली दहा-अकरा वर्षांची एक मुलगी वडिलांबरोबर आली होती. सामना हातातून गेल्यावर आसपासचे लोक फोनमध्ये गेले. ही मात्र वेगळंच काहीतरी मोजत होती. भारताने चेंडू मध्यरेषेपलीकडे नेला की ती एक बोट मोडायची. बोटं संपली की वडिलांचा हात ओढून त्यांची बोटं मोडायची. गुण किती झाले याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. त्या संध्याकाळी त्या सभागृहात सामना नीट बघणारी बहुधा ती एकटीच असावी. आपला संघ त्या दिवशी खरोखर जो सामना खेळत होता तो मध्यरेषेपाशी चालला होता, बास्केटपाशी नाही, हे तिला बरोबर कळलं होतं.

बाकीच्यांकडे दोनच प्रतिक्रिया होत्या. पहिली हसण्याची. दुसरी, आणि मला जास्त खुपणारी, कीव करण्याची: "बिचाऱ्या", "प्रयत्न तर केला", "अनुभव मिळाला". हसणारा निदान स्कोअर तरी वाचतो. कीव करणारा तोही वाचत नाही. वरवर 'अनुभव मिळाला' हे वाक्य दयाळू वाटतं, पण त्यातून एक प्रश्न गिळला जातो: हा अनुभव वापरायचा कुठे?

इथे क्रिकेटकडे बघू. १९ डिसेंबर २०२०, अॅडलेड. भारताचा पुरुष संघ ३६ धावांत गारद. हा आकडा आपल्याला पाठ आहे, आणि तो आपण हसत हसत सांगतो. का? कारण आठवड्याभरातच, २६ डिसेंबरला, मेलबर्नची कसोटी सुरू झाली. अजिंक्य रहाणेने शतक ठोकलं, भारत जिंकला. १९ जानेवारी २०२१ ला गॅबावर मालिकाही जिंकली. आज ३६ हा आकडा त्या गोष्टीची सुरुवात म्हणून सांगितला जातो. पण गोष्टीला सुरुवात होता यायची तर पुढचं प्रकरण लागतं. अॅडलेडनंतर ऑस्ट्रेलियाविरुद्धची पुढची कसोटी थेट दोन वर्षांनी असती, तर ३६ हा आजही नुसता डाग राहिला असता.

पानिपताचंही तसंच. भाषेने १४ जानेवारी १७६१ हा एक दिवस उचलला आणि त्याचा शब्द केला. पण त्या रणांगणावरून पायाला कायमची जखम घेऊन परतलेला महादजी शिंदे १७७१ मध्ये फौजेसह दिल्लीत होता आणि पुढच्याच वर्षाच्या सुरुवातीला बादशहाला त्याने गादीवर आणून बसवलं. ही दहा वर्षं 'पानिपत' या शब्दात मावलेली नाहीत. पराभवाचे आपले शब्द निकाल लागला की तिथेच थांबतात. पुढे काय झालं हे सांगायला आपल्याकडे शब्दच नाही.

महिला बास्केटबॉलमध्ये असं पुढचं प्रकरण घडल्याचं एक उदाहरण मला फार आवडतं. ते अमेरिकेतलं आहे. २६ मार्च २०१६ ला कॉलेज स्पर्धेच्या उपउपांत्य फेरीआधीच्या सामन्यात कनेटिकट विद्यापीठाने मिसिसिपी स्टेटला ९८–३८ असं चिरडलं. फरक साठ गुणांचा. तेव्हा बोस्टनच्या एका क्रीडापत्रकाराने लिहिलं की कनेटिकट महिलांचा खेळ मारून टाकतंय, असले एकतर्फी सामने कोण बघणार. त्यावर कनेटिकटच्या प्रशिक्षकांच्या उत्तराचा मथितार्थ एवढाच होता की नका बघू.

पुरुषांच्या खेळात असं सहसा कुणी म्हणत नाही. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या 'ड्रीम टीम'ने अंगोलाला ११६–४८ हरवलं. फरक ६८. त्याने बास्केटबॉल मेला असं कुणी लिहिलं नाही, उलट तो सामना दंतकथा झाला. पुरुषांचा एकतर्फी सामना विजेत्याची थोरवी दाखवतो आणि बायकांचा एकतर्फी सामना खेळाचा कमकुवतपणा. समीक्षेतला हा दुजाभाव आपल्याकडेही आहे. ३६ वर सर्वबाद झाल्यावर पुरुषांचं क्रिकेट बंद करा असं कुणी म्हटलं नव्हतं. २७–१०३ नंतर मात्र ऑफिसच्या कँटीनमध्ये मी ऐकलं, "मग कशाला भरवतात या स्पर्धा?"

मिसिसिपी स्टेटचं पुढे काय झालं? ३१ मार्च २०१७, डॅलस, उपांत्य सामना. तोच प्रतिस्पर्धी. कनेटिकट सलग १११ सामने जिंकून आलेलं. सामना जादा वेळेत गेला आणि संघातली सगळ्यांत बुटकी मुलगी, साडेपाच फुटांच्या आतबाहेरची मॉर्गन विल्यम, हिने घड्याळ संपता संपता शॉट मारला. ६६–६४. साठ गुणांचा फरक ३७० दिवसांत भरून निघाला. अंतिम सामना ते हरले, पण कनेटिकटचा गड पडला तो पडलाच. यात जिद्द होती, प्रशिक्षकही चांगला होता. पण या दोन सामन्यांच्या मध्ये या मुली एक अख्खा सीझन खेळल्या. तीसहून जास्त सामने. लूप कसा तोडायचा हे त्या लूपमध्ये पुन्हा पुन्हा उभ्या राहून शिकल्या. 'अनुभव' हा शब्द तिथे खरा ठरला, कारण तो वापरायला जागा होती.

आता आपल्याकडे. इथे एक सोपं उत्तर तयार असतं: जपानच्या खेळाडू व्यावसायिक आणि आपल्या नोकरदार. हे उत्तर मला पटत नाही. जपानची महिलांची डब्ल्यू लीग बघा. तिथले संघ कंपन्यांचे आहेत: एनिओस, टोयोटा, डेन्सो, फुजित्सू. टोकियोत फ्रान्सविरुद्धच्या उपांत्य सामन्यात एकाच सामन्यात १८ असिस्ट देऊन ऑलिम्पिक विक्रम करणारी रुई माचिदा फुजित्सूच्या संघाची. उंची १६२ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या घरातल्या कुणाही ताईएवढी. आपल्याकडेही महिला बास्केटबॉलचा कणा नोकरी देणाऱ्या संस्थाच आहेत. भारतीय रेल्वेने महिलांची राष्ट्रीय विजेतेपदं वर्षानुवर्षं गाजवली. केरळ राज्य वीज मंडळाचा संघ देशातल्या ताकदवान संघांपैकी एक. स्पोर्ट्स कोट्यातली ही नोकरी मुलीला घरच्यांसमोर उभं राहण्याचं बळ देते. ते बळ क्षुल्लक नाही.

म्हणजे पाया दोन्हीकडे जवळजवळ सारखा: कंपनीचा किंवा खात्याचा संघ. फरक पुढे पडतो. जपानमधले कंपन्यांचे संघ शरद ऋतूपासून वसंत ऋतूपर्यंत लीग खेळतात, महिनोन्महिने, आठवड्यामागून आठवडे. आपली राष्ट्रीय स्पर्धा आठवड्याभरात गुंडाळली जाते. उरलेलं वर्ष निमंत्रितांच्या छोट्या स्पर्धा, खात्यांतर्गत स्पर्धा आणि शिबिरं. शिबिरात फिटनेस वाढतो, डावपेच फळ्यावर काढता येतात. पण दोघी अंगावर आलेल्या असताना, पाच सेकंद संपत असताना, तिसरी कुठे उभी आहे हे न बघता ओळखणं शिबिरात येत नाही. ते सामन्यात येतं, आणि एका सामन्यात येत नाही.

हे खालपर्यंत असंच आहे. माझ्या इंजिनिअरिंग कॉलेजात मुलींचा बास्केटबॉल संघ विभागीय स्पर्धेच्या आधी दहा दिवस जन्माला यायचा. नोटीस लागायची, शाळेत थोडंफार खेळलेल्या सात-आठ जणी जमायच्या, जर्सी मुलांच्या संघाच्या जुन्या. पहिल्या सामन्यात हरायच्या आणि संघ विसर्जित. पुढच्या वर्षी पुन्हा नवी नोटीस. चार वर्षांत त्या चार वेळा हरल्या, आणि प्रत्येक वेळी ती पहिलीच हार होती. मागच्या हारीतून काही शिकायला मागचा संघच उरलेला नसायचा.

वरच्या पातळीवर ज्यांना जमलं त्या सामने शोधत बाहेर गेल्या. केरळची गीतू अॅना जोस ऑस्ट्रेलियातल्या रिंगवुड क्लबकडून खेळली, २०११ मध्ये डब्ल्यूएनबीएच्या संघांकडे चाचण्याही देऊन आली. ही वैयक्तिक धडपड थोर आहे, पण ती एकेकटीची आहे. प्रेस एकटीने तोडता येत नाही, त्याला पाच जणी लागतात, एकमेकींच्या सवयी ठाऊक असलेल्या.

क्षमता नाही असंही नाही, आणि हेही त्याच सभागृहाने दाखवलं होतं. २९ जुलै २०१७ ला कंठीरवातच भारताने कझाकस्तानला ७५–७३ हरवून आशिया कपचा 'ब' विभाग जिंकला. अनिता पॉलदुराई कर्णधार, संघात पुण्याची शिरीन लिमये. त्या विजयानेच भारत वरच्या विभागात आला, आणि वरच्या विभागात आला म्हणूनच २०१९ मध्ये जपानसमोर उभा राहिला. हेही '२७' या आकड्यात दिसत नाही. त्या सामन्यात उभं राहण्याचा हक्क कमावलेला होता.

मग पुढचा सामना कधी झाला? दोन वर्षांनी. सप्टेंबर २०२१, जॉर्डनमधलं अम्मान, कोविडने सगळं विस्कटलेल्या काळात. जपान १३६, भारत ४६. फरक ७६ वरून ९० वर गेला, तेव्हा पुन्हा तेच शब्द बाहेर पडले. पण हा स्कोअरही नीट वाचला तर दोन वेगळी उत्तरं देतो. फरक बघितला तर आपण मागे गेलो. प्रमाण बघितलं तर २०१९ मध्ये जपानने आपल्या जवळजवळ चौपट गुण केले होते, २०२१ मध्ये तिपटीच्या किंचित आत. आपले गुण २७ वरून ४६. मग आपण सुधारलो की घसरलो? मी यावर पैज लावणार नाही, कारण हा आलेख दोनच बिंदूंचा आहे. दोन बिंदूंतून कुठलीही रेष काढता येते, आणि डेटासोबत काम करणारा कुणीही सांगेल की ती रेष म्हणजे स्वतःची फसवणूक. मधले बिंदू नाहीत ही खरी बातमी आहे. इतक्या मोठ्या पराभवानंतर आपण सुधारतोय की नाही हे कळायलासुद्धा पुरेसे सामने आपल्याकडे नाहीत.

महिला क्रिकेटमध्ये हे मधले बिंदू भरले गेले. मार्च २०२३ मध्ये डब्ल्यूपीएल सुरू झाली. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारतीय महिला विश्वविजेत्या झाल्या. लीग सुरू झाली म्हणून कप आला असं सरळ गणित मांडणं आगाऊपणा होईल, त्याआधीच्या पिढ्यांनी फार काही सोसलं आहे. पण दडपणाखालच्या सामन्यांची सवय विकत मिळत नाही, ती कॅलेंडरमध्ये लिहावी लागते, हे तिथे सगळ्यांनी पाहिलं. बास्केटबॉलला कोट्यवधींचे लिलाव नकोत. रेल्वे, वीज मंडळ, पोलीस आणि राज्यांचे संघ आजही आहेत, मैदानं आहेत, पगार होत आहेत. हेच संघ सहा महिने दर आठवड्याला एकमेकांशी खेळले तर जपानचं निम्मं मॉडेल नवा रुपया न घालता... नाही, थोडे रुपये लागतील, प्रवासाचे. रेल्वेचा संघ असताना तो खर्च फार जड होऊ नये.

चाहता म्हणून माझी मागणी विजयाची नाही. जपानला हरवणं माझ्या हयातीत झालं तर पेढे वाटेन, पण त्याची घाई नाही. मला हवं आहे ते वेळापत्रक. अमुक शनिवारी अमुक सामना, पुढच्या शनिवारी परतीचा, असं छापलेलं. मोठ्या हारीनंतर ते हातात असेल तर मी स्टेडियममधून बाहेर पडताना 'बिचाऱ्या' म्हणणार नाही. पुढच्या वेळी मध्यरेषा कितीदा ओलांडली जाते ते बघायला येईन. सत्तावीस गुणांत वाईट काही नव्हतं. त्यांच्यापुढचं पान कोरं ठेवलं गेलं, ते वाईट होतं.